रोज एक फोटो : धंद्याची न लिहिता भरणारी वही



या आठवड्याच्या व्हिडिओत मी 'रोज एक फोटो' ही सवय सांगितली. व्हिडिओ छोटा होता, त्यात सगळं मावलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा आणि जमलं तर शेजारी वही-पेन ठेवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मालाचे चकाचक फोटो कसे काढायचे, यावर हा लेख नाही. रील, स्टेटस, जाहिरात यावरही नाही. ते विषय वेगळे आहेत, त्यावर आपण आधी बोललोय. आज ज्या फोटोबद्दल सांगतेय तो गिऱ्हाइकाला दाखवायचाच नाही. तो तुमच्या स्वतःसाठी आहे. रोज एक, साधा, एकाच जागेवरून काढलेला. दिवे नको, सजावट नको. वर्षाला ३६५ फोटो. खर्च शून्य रुपये, वेळ रोजचा एक मिनिट.

तुम्ही म्हणाल, "मॅडम, हे छंदवाल्यांचं काम. आम्हाला धंदा करायचाय." बरोबर आहे. मग एका धंदेवाल्या माणसाचीच गोष्ट ऐका.

फाळक्यांचा वाटाणा

आपल्या पेठवरून जो पुणे-नाशिक रस्ता जातो, त्या रस्त्याने नाशिकला पोहोचलं की पुढे त्र्यंबकेश्वर. तिथे ३० एप्रिल १८७० ला धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. सिनेमावाले म्हणून ओळखतो, पण त्यांचा आधीचा प्रवास बघा. फोटोग्राफीचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचा व्यवसाय केला. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच हे करून बघ, ते करून बघ असा माणूस.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात घेतलं की असं चित्र आपल्याकडे, आपल्या देवादिकांचं निघालं पाहिजे. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, काम शिकून आले, कॅमेरा मागवला. आता प्रश्न भांडवलाचा. या देशात असं काही बनू शकतं यावर पैसेवाल्यांचा विश्वास कसा बसायचा? तोंडी सांगून कोण ऐकणार?

फाळक्यांनी काय केलं माहितीये? एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर लावला. महिनाभराहून जास्त दिवस त्या एकाच कुंडीचं थोडं थोडं चित्रण केलं. कोंब फुटला, पानं आली, वेल वर चढला. सगळं जोडल्यावर जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली. तिचं नाव 'अंकुराची वाढ'. पडद्यावर बी डोळ्यांदेखत वाढताना दिसल्यावर यशवंतराव नाडकर्णींसारखी माणसं पैसे द्यायला तयार झाली. त्यातून उभा राहिलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. घरच्या आघाडीवर सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत सगळं सांभाळत होत्या, हेही विसरू नका. धंदा एकट्याचा कधीच नसतो.

आता यातून आपल्या कामाचं काय? कुंडीचा एका दिवसाचा फोटो कोणी ढुंकूनही बघितला नसता. मातीच दिसली असती. पण त्याच जागेवरून रोज घेतलेली चित्रं एकापुढे एक ठेवली, आणि जे उघड्या डोळ्यांना कधीच दिसत नाही ते दिसलं. वाढ दिसली. तुमच्या दुकानाचंही असंच आहे. रोज बघून बघून डोळा सरावतो. कोपऱ्यातला माल सहा महिने हललेला नाही हे कळतच नाही, कारण तो रोजच तिथे असतो.

हे आणखी कोणी केलंय?

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ पासून रोज एकच पोलरॉइड फोटो काढला. जेवणाचं ताट, मित्र, रस्ता, काहीही. २५ ऑक्टोबर १९९७ ला त्यांचं निधन झालं, तोपर्यंत हा नेम चालू होता. साडेसहा हजारांहून जास्त फोटो झाले. त्यातले कितीतरी फोटो अगदी साधे आहेत. ओळीने बघितले की मात्र अठरा वर्षांचं आयुष्य समोर येतं.

आणि १९९५ चा 'स्मोक' नावाचा इंग्रजी सिनेमा मिळाला तर जरूर बघा. त्यात ब्रुकलिनमध्ये तंबाखूचं दुकान चालवणारा एक माणूस रोज सकाळी आठ वाजता आपल्याच दुकानाच्या कोपऱ्याचा फोटो काढतो. एक लेखक मित्र ते अल्बम भराभर उलटतो आणि त्याला वाटतं सगळे फोटो सारखेच आहेत. दुकानदार त्याला सांगतो की सावकाश बघ. गोष्ट काल्पनिक आहे, पण दुकानदाराचा सल्ला शंभर टक्के खरा आहे. आपण पुढे त्यावर येऊच.

बिलबुकात काय दिसत नाही?

मी बीबीए करताना हिशेब शिकले. खरेदी, विक्री, शिल्लक, नफा. हे सगळं लिहायलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण बिलबुक फक्त एकच गोष्ट सांगतं, काय विकलं गेलं. जे विकता आलं असतं पण संपलेलं होतं, त्याचं बिल कोण फाडणार? जो माणूस पायरीवरून बघून गेला, त्याची नोंद कुठे होते? ती नोंद फोटोत होते.

तीन उदाहरणं देते, तिन्ही आपल्याच भागातली.

पहिलं, स्टेशनरीचं दुकान. माझ्याकडे शिकायला आलेला मंचरचा एक तरुण. त्याने जून महिनाभर रोज रात्री शटर ओढण्याआधी वह्यांच्या मांडणीचा फोटो काढला. महिन्याच्या शेवटी आम्ही बसून बघितले. दोनशे पानी वहीचा कप्पा सलग नऊ फोटोंत रिकामा! शाळा सुरू व्हायचे ऐन दिवस. बिलात त्या नऊ दिवसांत काही वेगळं दिसत नव्हतं, कारण बाकीची विक्री चालूच होती. पुढच्या वर्षी त्याने मे महिन्यातच त्या वह्या दुप्पट भरल्या.

दुसरं, घरून मसाले करणारी एक ताई. तिला फोटो काढायला सांगितला तो रोज संध्याकाळी उरलेल्या पुड्यांचा, स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडून. तीन आठवड्यांत चित्र स्वच्छ झालं. शंभर ग्रॅमच्या पुड्या रोज संपत होत्या, अर्ध्या किलोच्या तशाच बसून होत्या. तिचे पैसे मोठ्या पुड्यांत अडकले होते आणि ती मात्र मसाल्याची चव बदलायच्या विचारात होती. चव उत्तमच होती हो! वजन चुकत होतं.

तिसरं माझ्या दुकानाचं. पेठला माझं हार्डवेअर आणि शेतीला लागणाऱ्या किरकोळ मालाचं दुकान आहे. आपलं सातगाव पठार म्हणजे बटाट्याचा पट्टा. पावसाच्या भरवशावर लागवड, आणि काढणी साधारण गणपती-नवरात्राच्या मागेपुढे. काढणी आली की बारदान, सुतळी, दाभण, घमेली, ताडपत्री यांना मागणी सुटते. पण नेमकी कधी? कॅलेंडर बघून ते कळत नाही. पाऊस लांबला की लागवड लांबते, आणि मागणीही तितकीच पुढे सरकते. माझ्याकडे बारदानाच्या थप्पीचे सलग दोन हंगामांचे फोटो आहेत. थप्पी कोणत्या तारखेला कमी व्हायला लागली, किती दिवसांत तळाला आली, त्या दिवशी बाहेर पाऊस होता की ऊन, सगळं दिसतं. आता लागवड उरकली की मी जुने फोटो काढते, दिवस मोजते आणि त्या हिशेबाने माल मागवते. आधीच भरून ठेवला तर पैसा अडकतो, उशिरा मागवला तर गिऱ्हाईक मंचरला जातं. त्या दहा-बारा दिवसांतच हंगामाची कमाई असते.

अजून दुकानच नाही? मग तर हे आधी करा

हा भाग नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. कारण इथे तुमची साठवलेली पुंजी पणाला लागलेली असते.

आपल्याकडे गाळा कसा ठरतो? मालक म्हणतो, "रोडटच आहे, दुसरा माणूस पण विचारून गेलाय, उद्यापर्यंत सांगा." आपण घाबरतो आणि डिपॉझिट देऊन मोकळे होतो. 

माझ्या बॅचमध्ये एक नवरा-बायको होते. नाश्ता सेंटर काढायचं होतं. महामार्गालगत एक गाळा बघून ठेवलेला, डिपॉझिट ८०,००० रुपये. मी म्हटलं, पैसे द्यायच्या आधी चार आठवडे थांबा आणि रोज समोरच्या बाजूने त्या गाळ्याचा एक फोटो काढा. पहिला आठवडा सकाळी आठला, दुसरा अकराला, तिसरा दुपारी चारला, चौथा संध्याकाळी सातला. आठवडाभर वेळ तीच ठेवायची.

अठ्ठावीस फोटो आम्ही टेबलावर मांडले. काय दिसलं?

- गाळ्यासमोर गाडी उभी असलेले फोटो फक्त ३. गाड्या वेगाने येत होत्या, तिथे कोणी थांबत नव्हतं.
- सकाळची माणसं रस्त्याच्या पलीकडे, एसटीची वाट बघत उभी. मध्ये अख्खा महामार्ग. पोह्यांसाठी तो ओलांडून कोण येणार?
- दुपारी चारला ऊन थेट गाळ्यात. बसायला जागा असून उपयोग नाही.
- पाऊस पडला त्या दोन्ही दिवशी दारासमोर पाणी साचलेलं.

'रोडटच' हे खरंच होतं. पण रस्ता असणं वेगळं आणि माणूस थांबणं वेगळं. त्यांनी तो गाळा सोडला आणि एसटी थांब्याच्या बाजूला लहानशी जागा घेतली. आज धंदा फार मोठा नाही, पण घर चालतंय. डिपॉझिटचे वाचलेले पैसे भांडी, शेगडी आणि पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाला पुरले. "दुसरा माणूस विचारून गेलाय" म्हणणाऱ्या मालकाचा गाळा चार आठवड्यांनीही रिकामाच होता, हेसुद्धा फोटोतच दिसलं!

फोटो काढायचे सहा नियम

१. जागा एकच. फरशीवर खडूने किंवा रंगाने खूण करा. रोज त्याच खुणेवर उभं राहायचं, फोन त्याच उंचीवर धरायचा. जागा बदलली की दोन फोटोंची तुलना होत नाही.

२. वेळ एकच. शटर उघडल्यावर किंवा बंद करण्याआधी. रोजच्या एखाद्या कामाला जोडून टाका. उदबत्ती लावली की फोटो. म्हणजे लक्षात ठेवावं लागत नाही.

३. विषय एकच. मांडणी, पायरी, थप्पी, ओटा, समोरचा रस्ता. ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय तो विषय निवडा. सगळं दुकान एका फोटोत बसवायला जाल तर काहीच नीट दिसणार नाही.

४. आवरून फोटो काढायचा नाही. पाहुणे येणार म्हणून घर आवरतो तसं नको. जसं आहे तसं. धूळ असेल तर धूळ येऊ द्या.

५. फोटोखाली एक ओळ. "आज आठवडे बाजार." "लाइट चार तास नव्हती." "बिबट्या दिसल्याची बातमी, सातलाच रस्ता सामसूम." जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्यांना हे शेवटचं कारण समजावून सांगायला नको. सहा महिन्यांनी हीच ओळ त्या फोटोचा अर्थ सांगते.

६. एक दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करायची नाही. खाडा हीसुद्धा नोंदच आहे. लग्नसराई, आजारपण, यात्रा, दुकान कधी बंद होतं ते कळतं.

फोनमध्ये वेगळा अल्बम करा. तारीख आणि वेळ फोन आपोआप नोंदवतो. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की ती मूळ माहिती निघून जाते, म्हणून मूळ फोटो जपा. एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा धरला तरी वर्षाचे साधारण एक ते दीड जीबी होतात. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, त्यात आरामात बसतं. फोन हरवला तर वर्षाची मेहनत जाऊ नये, म्हणून बॅकअप चालू आहे ना हे आजच तपासा.

रविवारची पंधरा मिनिटं

फोटो नुसते काढून ठेवले तर फोन भरेल, बाकी काही होणार नाही. आठवड्यातून एकदा बसायचं, सात फोटो ओळीने बघायचे. सावकाश! आणि स्वतःला चार प्रश्न विचारायचे:

- कोणती गोष्ट सातही फोटोंत जागची हललेली नाही?
- कोणती जागा दोनपेक्षा जास्त दिवस रिकामी आहे?
- कोणता दिवस बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतोय, आणि का?
- गिऱ्हाईक म्हणून मी इथे आलो असतो, तर मला काय खटकलं असतं?

उत्तरं वहीत लिहा आणि आठवड्याला एकच बदल करा. एकदम दहा बदल केले तर कशामुळे फरक पडला हे कळणार नाही. एक बदल केला की पुढच्या रविवारी सात नवे फोटो तुम्हाला निकाल सांगतील. जमलं तर घरच्यांना सोबत घेऊन बसा. माझ्याकडे बऱ्याच गोष्टी आधी सासूबाईंच्या नजरेला पडतात, कारण त्या दुकानात रोज नसतात आणि त्यांचा डोळा सरावलेला नसतो.

काय काढायचं नाही

हा मुद्दा हलका घेऊ नका. गाव लहान असतं, विश्वास जायला एक दिवस पुरतो.

गिऱ्हाइकाचा चेहरा येईल असा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. बायका आणि मुलं असतील तर जास्तच काळजी घ्या. माणसं निघून गेल्यावर काढा, किंवा कोन असा ठेवा की पाठमोरी दिसतील. उधारीची वही, कोणाचं आधार कार्ड, गल्ल्यातली रोकड फोटोत नको. गाळ्याचा फोटो काढताना शेजारच्या दुकानदाराला आधी सांगा, "मी इथे जागा बघतोय, रोज एक फोटो काढणार आहे." चोरून काढलात तर संशय येतो, सांगून काढलात तर चहा मिळतो आणि गाळ्याची खरी माहितीसुद्धा.

कर्ज घेताना उपयोग होतो का?

हा प्रश्न हमखास येतो. खरं सांगते, फोटो दाखवून कर्ज मिळत नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. पण त्यासाठी कागदपत्रं, कोटेशन, बँकेतले व्यवहार हे सगळं लागतंच. फोटो त्याची जागा घेत नाही.

मग फायदा कुठे? साहेबांनी विचारलं, "एवढा माल कशाला हवा?" तर "धंदा वाढवायचाय" असं मोघम उत्तर देण्याऐवजी तुम्ही सांगू शकता, "साहेब, हंगामात माझी थप्पी आठ दिवसांत संपते, हे बघा तारखेसकट." तुमच्या बोलण्यात आकडा येतो, तारीख येते, आणि आवाजात दम येतो. फाळक्यांच्या वाटाण्याने तेच तर केलं होतं. सिनेमा बनायचा होता, पण पैसे देणाऱ्याला काहीतरी डोळ्यांनी दिसलं.

कंटाळा येणार, ते धरूनच चला

पहिला आठवडा उत्साहात जातो. साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी वाटतं, "रोज तोच फोटो, कशाला काढायचा?" बरेच जण इथेच सोडतात. पण विचार करा, फाळक्यांच्या कुंडीतही पहिले काही दिवस नुसती मातीच होती. त्यांनी तेव्हा कॅमेरा उचलून ठेवला असता तर?

माझा अनुभव सांगते. पंधरा दिवसांत सवय लागते, महिन्यात पहिली कामाची गोष्ट दिसते आणि एक हंगाम पूर्ण झाला की हा अल्बम सोडवत नाही. आणखी एक फायदा असा की मंदीच्या दिवसांत मन खचतं. गिऱ्हाईक नसतं, वाटतं सगळं संपलं. तेव्हा मागच्या वर्षीचे त्याच आठवड्याचे फोटो बघा. तेव्हाही मांडणी अशीच भरलेली होती, रस्ता असाच रिकामा होता, आणि महिन्याभराने तीच मांडणी अर्धी झाली होती. काही वेळा मंदी खरी असते, तर काही वेळा ती फक्त हंगामाची असते. दोन्हींतला फरक कळला तर घाईत शटर कायमचं ओढायची वेळ येत नाही.

आजचा गृहपाठ

१. तुमचा सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न एका ओळीत लिहा. माल पडून राहतो? गिऱ्हाईक थांबत नाही? जागा निवडायचीय?
२. त्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या जागेकडे बघून मिळेल ते ठरवा आणि उभं राहायची खूण करा.
३. फोनमध्ये अल्बम उघडा, पहिला फोटो आजच काढा. त्याखाली एक ओळ लिहा.
४. तीस दिवस झाले की सगळे फोटो एकत्र बघा आणि दिसलेल्या तीन गोष्टी लिहून काढा.

त्या तीन गोष्टी मला नक्की कळवा. फोटो पाठवायची गरज नाही, तो तुमचा आहे. काय दिसलं ते सांगा, त्यातल्या कामाच्या मुद्द्यांवर आपण पुढे वेगळा व्हिडिओ करू.

चला तर मग, खडू शोधा आणि खूण करा. भेटूया पुढच्या आठवड्यात.